अर्ध्यावर थांबवलेलं उत्तर

१० नोव्हेंबर, सोमवार

सुटले एकदाची!

दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिलाच आठवडा आणि विस्तार अधिकारी साहेब तपासणीला हजर. न सांगता! फळ्यावर तारीखसुद्धा सुट्टीआधीची. आमचे मुख्याध्यापक ईश्वरदास सर शर्टाचं वरचं बटण लावत धावत आले. ‘अंजू मॅडम, साहेब सातवीत येऊन राहिले. मराठीचाच तास घ्या.’

घेतला. साहेबांनी वह्या चाळल्या, दोन-तीन मुलांकडून वाचून घेतलं. मग विचारलं, ‘तुमच्या गावात सध्या कोणतं काम चालू आहे? कोण सांगेल?’ दामिनीचा हात वर! ती तशीच आहे, प्रश्न पुरा व्हायच्या आधी हात. उभी राहिली आणि सुरूच झाली. ‘आमच्या इथं धान कापून झालं, सर. आता पुंजना रचून रायलो. पुंजना असा नाई रचत का, सर—’ आणि दोन्ही हातांनी धानाचा ढीग गोल दाखवायला लागली. भूपेंद्र फिसकन हसला. मग सगळा वर्ग. साहेबही जरा हसले.

मी पटकन म्हटलं, ‘बस, बस, दामिनी. आचल, तू नीट सांग.’

आचल उठली. ‘सध्या आमच्या गावात भाताची कापणी सुरू आहे. शेतकरी आनंदात आहेत.’ साहेब म्हणाले, ‘छान!’ शेरा — समाधानकारक.

घरी येऊन नवऱ्याला, हेमेंद्रला सांगितलं. म्हणाला, ‘मंग आज पार्टी!’ समोसे आणले त्यानं. दोन खाल्ले मी.

१२ नोव्हेंबर, बुधवार

दामिनी आली नाही. काल पण नव्हती. धानाचं काम असेल. या दिवसांत अर्धा वर्ग शेतात, धानाच्या बांध्यांमध्येच असतो.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आली. हजेरी घेताना तिचं नाव घेतलं — आवाज नाही. मान वर करून पाहिलं तर बसलेली आहे, नुसता हात वर. मी म्हटलं, ‘हजर म्हण ना.’ हात तसाच.

पुढचं नाव घेतलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज घटक चाचणीचे पेपर तपासले. दामिनीचा कोरा. वर नाव, इयत्ता, तारीख, सुंदर अक्षरात. खाली काहीच नाही. गेल्या चाचणीत हिला वीसपैकी सोळा होते!

आचलला बोलावून विचारलं. ती म्हणाली, ‘मॅडम, वो किसीसे बातच नहीं करती आता. खेळायला पण येत नाही. एकटी बसते पंपाजवळ.’

‘कधीपासून?’

आचलनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला माहीतच असायला पाहिजे.

२० नोव्हेंबर

ईश्वरदास सरांना सांगितलं. म्हणाले, ‘वय आहे मॅडम हे. पोरी या वयात चूप होतात.’ चूप होतात की केल्या जातात, हे मी विचारलं नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेले. गावाच्या टोकाला घर, मागे लगेच धानाची बांधी. तिची आई शकुंतलाबाई अंगणात सूप घेऊन बसली होती. मला पाहून पदर सारखा केला, खाट टाकली, आत पाहून हाक मारली, ‘दामिनी, मॅडम आल्या, पानी आन!’ पाणी आलं. ग्लास खाली ठेवून दामिनी भिंतीआड गेली. पाय दिसत होते तिचे. तिथंच उभी होती.

मी म्हटलं, ‘हल्ली ती बोलत नाही वर्गात.’

‘घरी बी नाई बोलत, मॅडम. आधी त् तोंड थांबतच नोतं तिचं. बाबा म्हणत, रेडिओ बंद कर गा कोनी!’ हसली, मग हसणं राहिलं. ‘मी विचारलं, काऊन वं, कोनी मारलं का, कोनी काही केलं का? नाई म्हनते. आठ-दहा दिवस झाले, एकच म्हनते.’

‘काय म्हणते?’

‘म्हनते, माय, मले बोलता येत नाई.’

मी पाणी प्यायले. सांगायला हवं होतं — की बाई, हे मी केलं. भिंतीआड ते पाय, समोर ती माउली. आणि मी काय म्हटलं? ‘लक्ष देईन मी तिच्याकडे.’ जणू काही दुसऱ्याच कुणाची चूक होती आणि मी ती दुरुस्त करायला आलेली मोठी!

मी गाडीला किक मारताना शकुंतलाबाईनं डिक्कीत पोहे टाकले. नवीन धानाचे. नको म्हणताच येईना.

२३ नोव्हेंबर, रविवार

‘नीट सांग.’

सकाळपासून हे दोन शब्द डोक्यात. दामिनीला बस म्हणणं एक वेळ ठीक, वेळ नव्हता असं म्हणता येईल. पण आचलला ‘नीट’ सांग? म्हणजे दामिनीचं काय होतं — वाकडं? तिनं सांगितलेलं खरं होतं. आचलचं पाठ केलेलं. इथं भात कोण म्हणतं! कापणी तर झालेलीसुद्धा होती.

मला कुणाची लाज वाटली? साहेबांसमोर माझ्या वर्गातून तो शब्द आला — ‘रायलो’ — आणि मी तिला घाईनं बसवलं. ती लाज ओळखीची आहे. नागपूरला डी.एड.ला गेले तेव्हा अठरा वर्षांची होते, थेट माझ्या गावाहून, कामठ्याहून. होस्टेलच्या पहिल्या आठवड्यात मी म्हटलं, ‘मले भूक लागून राहिली.’ खोलीतल्या तिघी इतक्या हसल्या की एकीला ठसका लागला. त्यानंतर महिनाभर मी फार कमी बोलले. बाथरूममध्ये नळ सोडून म्हणत बसायची — मला, तुला, का, कशाला. शिकले. इतकं चांगलं शिकले की वक्तृत्वात बक्षीस मिळालं.

म्हणजे मला ठाऊक होतं काय होतं ते. आणि तरी.

आज आईला फोन केला, कामठ्याला. काही सांगितलं नाही, सहजच बोलत होते. मधेच आई म्हणाली, ‘तू माह्यासंग बी मॅडमवानीच बोलतेस वं आता.’ नेहमी म्हणते. नेहमी हसते मी. आज नाही हसले.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

दोन दिवस दामिनीचं कौतुक करून पाहिलं. ‘शाब्बास दामिनी, किती छान अक्षर!’ ‘बघा, दामिनीनं वहीला कसं कव्हर घातलंय!’ प्रशिक्षणात सांगतात तसंच, मुलांचा आत्मविश्वास वाढवा, सकारात्मक बोला. ती प्रत्येक वेळी आणखी खाली बघते. आज तिच्या वहीत मोठा तारा काढून दिला, लाल पेनानं. मधल्या सुट्टीनंतर वही पाहिली. लाल खोडता येत नाही म्हणून तिनं त्यावर कागदाचा चौकोन चिकटवला होता. अगदी नीट, चार कोपरे सारखे.

मुलांना खोटं लगेच कळतं. वाईट बोलण्यातलं खरं पचवतील, पण गोड बोलण्यातलं खोटं नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

फळ्याचे दोन भाग केले. एकीकडे ‘घरी’, दुसरीकडे ‘पुस्तकात’. प्रत्येकानं घरचा एक शब्द सांगायचा, मग आपण मिळून पुस्तकातला शोधायचा. आधी कुणीच तयार नाही. भूपेंद्र म्हणाला, ‘मॅडम, परीक्षेत येणार आहे का?’ मी म्हटलं, येणार नाही. मग मी स्वतःच लिहिलं — काऊन. समोर — का. वर्गात खसखस. मी दुसरा लिहिला — पुंजना. समोर काय लिहायचं? आचल म्हणाली, ‘ढीग?’ भूपेंद्र उसळला, ‘ढीग नाई ना! ढीग त् मातीचा बी असते. पुंजन्यात पानी नाई शिरत!’ पुस्तकातली जागा रिकामीच राहिली. मला फार बरं वाटलं ती रिकामी जागा पाहून.

मग सुटलेच सगळे. पोवारी शब्द आले, दोन गोंडी आले, आचलनं घरची हिंदी आणली. तास संपला तरी थांबेनात. दामिनी नुसती पाहत होती. पण फळ्याकडे पाहत होती, बाकाकडे नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

ईश्वरदास सर — ‘मॅडम, तुमच्या वर्गात गोंधळ फार होऊन राहिला. आणि हे काय, फळ्यावर काऊन? पोरं पेपरात असंच लिहितील. पुढं कोणी नोकरी देईल का यायले?’

राग आला, पण ते चूक नाहीत. मलाही नोकरी त्या बाथरूमच्या नळाखालच्या भाषेनंच दिली. मुलांना ती पाहिजेच. मी सरांना म्हटलं, ‘दोन्ही शिकवते, सर. एक काढून घेतल्याशिवाय दुसरी देता येते का, ते पाहते.’ सर म्हणाले, ‘पाहा. पण पाढे मागं पडू देऊ नका.’ मराठीच्या बाईला पाढे!

१ डिसेंबर, सोमवार

आज केलं.

हजेरी झाली. वही बंद केली. उभी राहिले आणि म्हटलं, मला काही सांगायचं आहे. आणि मग जे ठरवलं होतं ते सगळं विसरले आणि कामठ्याची भाषाच आली तोंडात, अकरा वर्षांत पहिल्यांदा, वर्गात! ‘त्या दिवशी साहेब आले होते. दामिनी खरं सांगून राहिली होती. मी तिले चूप केलं. मले लाज वाटली. चूक तिची नोती, माही होती. दामिनी, मले माफ कर.’

भूपेंद्र हसायला लागला आणि मधेच थांबला. पस्तीस मुलं, आधी माझ्याकडे पाहत होती, मग सगळ्यांच्या माना वळल्या तिच्याकडे.

दामिनी उठली. करंगळी वर केली. मी हो म्हटलं. बाहेर गेली, तास संपेपर्यंत आली नाही.

पण माझ्या छातीवरचा दगड उतरला. खरं सांगते, किती हलकं वाटलं! घरी हेमेंद्रला सांगितलं तर म्हणाला, ‘एवढ्या पोरांसमोर? हिंमत केली तुनं.’

३ डिसेंबर

काही फरक नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार

दुसरीतली रुख्मा. बिचारीला जोडाक्षरं येत नाहीत, तिच्या बाई रजेवर. मी दामिनीला एवढंच म्हटलं, ‘मधल्या सुट्टीत हिच्याजवळ बसशील? नको असेल तर नाही म्हण.’ तिनं नाही म्हटलं नाही. अर्थात हो पण नाही म्हटलं.

८ डिसेंबर, सोमवार

दामिनीचे बाबा आले, चैतराम. टोपी हातात, दाखला मागायला.

सौंदडला त्यांची बहीण बाळंत झाली आहे, घरात दुसरं कुणी नाही. दामिनीला उन्हाळ्यापर्यंत तिथं ठेवायचं म्हणतात. ‘लेकरू सांभाळंल. पुढच्या वर्षी पाहू.’ ईश्वरदास सर उडालेच. ‘पट कमी होते ना आमचा! चौदा वर्षांपर्यंत शाळेतून काढता येत नाही!’ चैतराम शांतपणे म्हणाले, ‘सर, मी काढून नाई रायलो. पोरगी इथं येऊन काय करते? बसते आन् येते. तिथं कामात त् राहील.’

मी म्हटलं, ‘मला आठ दिवस द्या.’

चैतराम म्हणाले, ‘मॅडम, मले बी पोरगी शिकलेलीच पाहिजे. मी सातवी नापास, तिची माय चौथी. पन तिच्या तोंडातून ऐकाचं हाये मले. ती म्हनंल, बाबा मले शिकाचं हाये, त् बहिणीले मी दुसरं कोनी पाहून देईन. पुढच्या मंगळवारी येतो.’

न्याय्य बोलले.

९ डिसेंबर

तिच्यावर जोर करायचा नाही. रोज सकाळी गाडीवर हेच स्वतःला बजावते. बोल, बोल, म्हणून कुणी बोललंय का!

११ डिसेंबर, गुरुवार

ऐकलं मी! ऐकलं!

मधल्या सुट्टीत दुसरीच्या वर्गाच्या खिडकीखालून जात होते. आतून आवाज. आधी वाटलं दुसऱ्या कुणाचा, थोडा घोगरा झाला आहे. मी तिथंच भिंतीला चिकटले, डबा हातात.

‘हे पाय, रुख्मा. हा त. याले काठी हाये ना, म्हनून एकटा उभा रायते. आता मी याची काठी काहाडून घेतली. आता रायते का उभा? नाई रायत. पडते. मंग काय करते? बाजूच्याले टेकते. हे पाय, त्या. त्याले काही कमी नाई झालं. नुसता टेकला हाये.’

रुख्मा म्हणाली, ‘त्या.’

‘हं. आता तू काहाड काठी. स ची.’

‘स्या!’

अकरा वर्षं जोडाक्षरं शिकवते आहे. ‘अर्धा त आणि य मिळून त्य’ — मुलांच्या डोक्यावरून जायचं, आणि मी म्हणायचे, मुलं कच्ची आहेत.

आत गेले नाही. डबा तसाच परत नेला.

१२ डिसेंबर, शुक्रवार

वर्ग सुटल्यावर तिला थांबवलं. म्हटलं, ‘रुख्मानं आज ‘म्हशी’ वाचलं. तिच्या बाई रजेवरून आल्या, त्यांना तू काठी कशी काढतेस ते शिकायचं आहे. मलाही. मी वापरू का ते?’ कौतुक नाही केलं. फक्त विचारलं. तिनं थोडा विचार केला. मान हलवली, हो. मग दप्तर उचलून दारापर्यंत गेली आणि थांबली.

‘र ची नाई निघत,’ ती म्हणाली.

मी म्हटलं, ‘काय?’

‘र ले काठीच नोय. त्याचं अलग सांगा लागते.’

आणि गेली. एक महिना आणि दोन दिवसांनी माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य — आणि त्यात मलाच शिकवलं! मी खुर्चीत बसून हसले, आणि डोळे पुसले, आणि परत हसले.

१४ डिसेंबर, रविवार

मंगळवारी ती बोलेल. मला खात्री आहे. रुख्माशी बोलते, माझ्याशी बोलली, बाबांशी का नाही बोलणार? बोलली की तिला पुढच्या बाकावर नाही बसवायचं, तिला पाहिजे तिथं बसू दे. २६ जानेवारीला जोडाक्षरांवर तिचं काहीतरी ठेवता येईल, ती हो म्हणाली तर. आठवीत शिष्यवृत्तीला बसवू. मी आताच वेळापत्रक काढलं!

हेमेंद्र म्हणतो, ‘तू तिच्यासाठी खुश आहेस की तुझ्यासाठी?’ मी म्हटलं, ‘दोघींसाठी. त्यात काय बिघडलं?’

१६ डिसेंबर, मंगळवार

चैतराम आले, शकुंतलाबाई पण आली. ऑफिसमध्ये ईश्वरदास सर, मी, मधे दामिनी. चैतराम म्हणाले, ‘बोल बेटा.’

बोलली. सरळ उभी राहून, घोगऱ्या मोठ्या आवाजात, बाहेर व्हरांड्यात ऐकू जाईल असं.

‘बाबा, मले शिकाचं हाये. सौंदडले नाई जात मी. पन इथं बी नाई शिकत. पलीकडच्या गोरेगावच्या शाळेत जातो. मी आन् माय बाजाराच्या दिवशी जाऊन विचारून आलो. ते घेतो म्हनते. सायकल हाये.’

शकुंतलाबाई खाली पाहत होती. सर म्हणाले, ‘अगं, पण काऊन? मॅडमनं तर तुझी साऱ्या वर्गासमोर माफी मागितली!’

ती माझ्याकडे वळली. राग नव्हता चेहऱ्यावर. रुख्माला समजावते तसंच बोलली.

‘तुमाले बरं वाटलं, मॅडम. पन सारे माह्याकडे पाहून रायले ना. आता मी इथं तेच हावो, जिले चूप केलं, आन् जिची माफी मांगली. तिथं कोनाले मालूम नाई.’

मी दाखला लिहायला घेतला. ‘शाळा सोडण्याचे कारण’ आलं. सर म्हणाले, ‘पालकांची विनंती, असं लिहा. तसंच लिहितात.’

मी लिहिलं — विद्यार्थिनीची स्वतःची इच्छा.